मदत हवी आहे: पाल्मा ते सोयेर, लाकडी ट्रेनचं तिकीट एकेरी की परतीचं?

घाईत_आहे: स्पेनच्या मायोर्का बेटावर एकच दिवस आहोत. ट्रेनचं तिकीट एकेरी, परतीचं की सोयेर गाव ते बंदर या ट्रामसकट घ्यावं? आज रात्रीच काढायचंय, लवकर सांगा.

रूळमित्र: महिना कुठला? हिवाळ्यात काही आठवडे गाडी बंद असते. आणि परत किती वाजता पोचायचंय? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

रूळमित्र: तरी अंदाजाने सांगतो, परतीचंच घ्या. १९१२ची लाइन, २७ किलोमीटर, दोन रुळांमधलं अंतर जेमतेम ९१४ मिलिमीटर. तेरा बोगदे आहेत, त्यातला मोठा पावणेतीन किलोमीटरच्या वर. त्यातून बाहेर पडलं की गाडी वळणं घेत खाली उतरते, त्यामुळे डावी खिडकी की उजवी यावर भांडू नका.

घाटवाट: परतीचं कशाला? तोच रस्ता दुसऱ्यांदा, तासभर. जाताना ट्रेन, येताना २०४ नंबरची बस, डोंगराखालच्या बोगद्यातून अर्ध्या-पाऊण तासात पाल्मा. उलटं मात्र करू नका. फोटोसाठी पुजोल दन बान्या या दृश्य बघायच्या ठिकाणी थांबतात त्या सोयेरकडे जाणाऱ्या गाड्या, त्याही सगळ्या नाहीत. वेळापत्रकात बघून तीच फेरी घ्या.

रूळमित्र: उन्हाळ्यात दुपारी २०४ भरून जाते, पुढच्या बसची वाट बघत उभं राहावं लागतं. ते का नाही सांगत?

घाटवाट: सोयेरच्या बंदरावरूनच बसा, ती तिथूनच सुटते. गावातल्या थांब्यावर येईपर्यंत भरते.

भाकरतुकडा: शाकाहारी असाल तर एन्साइमादा हा इथला गोड पाव घेऊ नका. वरून नुसती साखर दिसते, पण पिठाला डुकराची चरबी लावलेली असते. नावातलं 'साइम' म्हणजे तीच. सोयेरला संत्र्याचा ताजा रस घ्या, खोरंभर संत्र्याच्या बागा आहेत.

घाईत_आहे: सप्टेंबर, शनिवार. क्रूझने येतोय, साडेचारला जहाजावर परत. सासूबाई सोबत, गुडघे दुखतात.

घाटवाट: हे आधी सांगायचं! मग एकेरीच, सकाळची पहिली जमेल ती फेरी. जहाजापासून पाल्मातल्या प्लासा देस्पान्या चौकात टॅक्सीने जा. ट्रेनचं जुनं स्टेशन चौकालगत वर आहे, बसचं शेजारीच जमिनीखाली. घाईत लोक चुकीच्या जिन्याने उतरतात. सोयेरहून दीडच्या आत निघा, म्हणजे एक बस हुकली तरी जहाज चुकणार नाही.

रूळमित्र: क्रूझ असेल तर एकेरी, मान्य. डब्याच्या पायऱ्या उंच आहेत, सासूबाईंना दांड्याला धरून चढू द्या, मागून रेटारेटी नको. ट्रामचं सोडा. बंदर पाच किलोमीटरवर, शनिवारी गावात बाजार, ट्राम खच्चून भरते आणि उभं राहावं लागतं.

घाटवाट: मग बंदराचं मीही मागे घेतो. गावातूनच बस धरा, फक्त थांब्यावर वीस मिनिटं आधी जा. सोयेरच्या चौकातल्या चर्चचा दर्शनी भाग आणि शेजारची बँक, दोन्ही प्रसिद्ध वास्तुकार गौदीच्या शिष्याची कामं. ती खुर्चीत बसूनही बघता येतात.

घाईत_आहे: एकेरी काढते. बसचं तिकीट आधी काढावं लागतं का?

घाटवाट: नाही. बँकेचं कार्ड चढताना लावा आणि उतरतानाही लावा. रोखीपेक्षा स्वस्त पडतं, पण उतरताना विसरलात तर जास्त कापतात.