चार फुटी रीफ टँकमध्ये मासे नेमके किती ठेवावेत?

गोदाकाठ_रीफ (नाशिक)

सर्वांना नमस्कार. गंगापूर रोडवरील आमच्या घरी मांडलेल्या रीफ टँकची (प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीची) सायकल (घाण पचवणारे जिवाणू रुजण्याचा काळ) पूर्ण झाली असून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येत आहेत. टँकचे आतील माप १२० × ४५ × ५० सेंमी आहे. खाली सम्पमध्ये (जोडलेल्या दुसऱ्या टाकीत) सुमारे ३५ लिटर पाणी राहते. लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला सच्छिद्र दगड) ३० किलो, शिवाय प्रोटीन स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) आणि दोन पॉवरहेड (पाणी फिरवणारे पंप) आहेत. प्रवाळांपैकी सध्या फक्त झोआ आणि मशरूम आहेत.

ओसेलॅरिस क्लाउनची जोडी, एक रॉयल ग्रामा, एक फायरफिश, सहा हिरवे क्रोमिस, एक यलो टँग, एक ब्लू टँग आणि एक मँडरिन असे तेरा मासे ठेवण्याचा विचार आहे. एका दुकानात ‘आरामात राहतील’ असे सांगण्यात आले. दर गॅलनला एक इंच हा नियम धरला तर ७१ इंच मासे बसतात आणि दर पाच गॅलनला एक इंच धरला तर जेमतेम १४ इंच. इतका फरक असताना हिशेब कशाच्या आधारे करावा?

खारेपाणी

इंचांचे दोन्ही नियम बाजूला ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगेन. माशाचे वजन साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे २० सेंमीचा एक टँग म्हणजे १० सेंमीचे दोन मासे नव्हेत, तर जवळजवळ आठ मासे होत, आणि तो खातो व घाण करतो तीही त्याच बेताने.

आधी पाणी मोजा. मापाने २७० लिटर येतात, परंतु वरची ५ सेंमी रिकामी जागा, दगड आणि वाळू वजा केल्यावर टँकमध्ये साधारण २१५ लिटर उरतात. सम्प धरून एकूण २५०. आता खाद्याकडे पाहू, कारण टँकवरचा खरा भार माशांच्या संख्येने नव्हे, तर आपण रोज पाण्यात काय टाकतो त्याने ठरतो. कोरड्या खाद्यात ४५ टक्के प्रथिने असतील, तर प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असल्यामुळे १ ग्रॅम खाद्यातून ०.०७२ ग्रॅम नायट्रोजन येतो, आणि तो सगळा नायट्रेटमध्ये बदलला तर ०.३२ ग्रॅम नायट्रेट तयार होते, म्हणजे तुमच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १.३ मिलिग्रॅम. रोज अर्धा ग्रॅम खाद्य टाकल्यास आठवड्याला साडेचार मिलिग्रॅमची भर पडेल. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलले, तर ही पातळी आठवड्याच्या भरीच्या दहापटीला, म्हणजे ४५ च्या आसपास जाऊन स्थिरावेल.

प्रत्यक्षात आकडा यापेक्षा कमी राहतो. काही नायट्रोजन माशांच्या वाढीत जातो, काही स्किमरच्या कपात जमतो, आणि काही दगडाच्या आतल्या प्राणवायूविरहित थरांतील जिवाणूंमुळे वायू होऊन निघून जातो. हे वाटे प्रत्येक टँकमध्ये वेगळे असतात, म्हणूनच किती मासे हे आधी ठरवून मोकळे होता येत नाही. झोआ आणि मशरूमसाठी नायट्रेट ५ ते १५ मध्ये राहिले तर उत्तम; अगदी शून्यही नको, कारण प्रवाळांनाही ते थोडे लागते. फ्रोझन खाद्यात बहुतांश पाणीच असते, तेव्हा हा हिशेब कोरड्या वजनावर करावा.

प्रवाळप्रेमी_पुणे

वरील हिशेबाशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र पाणी कितीही स्वच्छ राहिले तरी तुमच्या यादीतील तीन नावे या टँकला मानवणारी नाहीत. ब्लू टँग पूर्ण वाढल्यावर ३० सेंमीपर्यंत जातो आणि तुमच्या टँकची रुंदीच ४५ सेंमी आहे. दुकानात तो बोटाएवढा दिसतो म्हणून लोक भुलतात आणि त्याचे हाल होतात. यलो टँगही २० सेंमीपर्यंत वाढतो, शिवाय एवढ्या जागेत दोन टँग एकमेकांना सुखाने राहू देत नाहीत. मँडरिन मुख्यतः दगडावरच्या कोपेपॉडवर (अगदी बारीक कवचधारी जीवांवर) जगतो आणि नव्या टँकमध्ये ते पुरेसे नसल्यामुळे तो हळूहळू उपाशी मरतो, हे मला फार वाईट वाटते. क्रोमिसचा थवाही बंद टँकमध्ये बहुधा टिकत नाही. बलवान मासा दुबळ्यांना एकेक करून संपवतो.

क्लाउनची जोडी मात्र टँकमध्ये पैदास झालेलीच घ्यावी. सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र आपल्या देशात विकसित केलेले असल्यामुळे समुद्रातून पकडलेल्या माशांची गरज उरलेली नाही.

सातपूरकर

मी नाशिकचाच असल्याने उन्हाळ्याबद्दल सांगतो. २६ अंश तापमानाला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.६, तापमान वाढले की तो आणखी घटतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि नेमकी तेव्हाच दुपारी वीज गेली, तर चिलर, स्किमर आणि पॉवरहेड एकदम बंद पडतात. माशांची संख्या ठरवताना ती दुपार डोळ्यांसमोर ठेवावी, रोजचा सुरळीत दिवस नव्हे. निदान एक पॉवरहेड इन्व्हर्टरवर घ्याच. पाणी बदलण्याचा खर्चही धरावा: २५ लिटरला सुमारे ९०० ग्रॅम मीठ लागते, शिवाय पाणी आरओ-डीआयचे (गाळून क्षारमुक्त केलेले) हवे.

गोदाकाठ_रीफ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही टँग, मँडरिन आणि क्रोमिस यादीतून काढले आहेत. आता क्लाउनची जोडी, रॉयल ग्रामा, फायरफिश आणि वॉचमन गोबी, असे पाच मासे राहतात. हे सर्व एकदम सोडले तर चालतील का?

खारेपाणी

एकदम सोडू नका. जिवाणूंची वाढ खाद्याच्या मागोमाग होते, आणि ८.२ पीएचच्या पाण्यात थोडा अमोनियासुद्धा गोड्या पाण्यापेक्षा अधिक विषारी ठरतो. प्रत्येक मासा आधी वेगळ्या टँकमध्ये किमान चार आठवडे क्वारंटाइनमध्ये ठेवावा. पहिला फायरफिश सोडा, कारण तो भित्रा असतो आणि त्याला लपण्याची जागा निवांतपणे निवडू द्यायला हवी. त्यानंतर गोबी, मग ग्रामा आणि जागेवर हक्क सांगणारी क्लाउनची जोडी सर्वांत शेवटी. प्रत्येक वेळी पुढचा मासा सोडण्यापूर्वी महिनाभर दर आठवड्याला नायट्रेट आणि फॉस्फेट तपासून लिहून ठेवा. आकडे स्थिर असतील तरच पुढे जा. टँकवर घट्ट जाळीही बसवा, कारण फायरफिश घाबरला की उडी मारून बाहेर पडतो.

गोदाकाठ_रीफ (नाशिक)

जाळीचे माप आजच घेतो. फायरफिश क्वारंटाइनमध्ये आला की नायट्रेटचे आकडे इथेच लिहीत जाईन.