‘बंद खोलीतली घटना’ म्हणणाऱ्यांना एक लांबलेला प्रतिसाद

जुना खडू
परवा इथंच एकांनी लिहिलं की भारताची घटना दिल्लीत तीनशे वकिलांनी बंद खोलीत बसून लिहिली, जनतेला कुणी विचारलं नाही. त्यामुळे आता आइसलँडसारखं ॲप काढावं, लोकांच्या सूचना घ्याव्यात आणि नवी घटना लिहून टाकावी! खाली अंगठ्यांचा नुसता पाऊस. तिथं प्रतिसाद टंकायला घेतला, तो लांबला, म्हणून वेगळा धागा.

कसली बंद खोली? घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्रबाबूंनी २६ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आकडा दिलाय: प्रेक्षक कक्षात ५३,००० माणसं येऊन गेली. मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये छापून देशापुढे ठेवला, त्यावर सभागृहात चर्चा सुरू झाली ४ नोव्हेंबरला. मधले आठ महिने लोक पत्रं, तारा, निवेदनं धाडत होते. ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. आजच्या संसदेत एखाद्या विधेयकाला इतका वेळ मिळालेला दाखवा.

आणि आइसलँडची गोष्ट अर्ध्यावर का सोडता? २००८ ला बँका बुडाल्या, लोक खवळले, २०१० मध्ये २५ जणांची सभा निवडली. सुप्रीम कोर्टानं ती निवडणूकच रद्द ठरवली. मग संसदेनं बहुतेक त्याच मंडळींना परिषद म्हणून नेमलं. त्यांनी फेसबुकवरून सूचना घेत मसुदा केला. ऑक्टोबर २०१२ च्या सार्वमतात दोन तृतीयांश लोक ‘हो’ म्हणाले. आणि संसदेनं तो बासनात गुंडाळून ठेवला. आजही १९४४ चीच घटना चालू आहे. चार लाखांच्या आतबाहेरच्या देशाची ही गत, आणि आपण दीडशे कोटींसाठी ॲप काढणार.

उलटतपासणी
गॅलरीत बसून गेले म्हणजे सहभाग झाला? मग वानखेडेवर मॅच बघणारे सगळे रणजीपटू.

१९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत मत कुणाला होतं ते सांगा ना. सारा भरणारा, कर भरणारा, शिकलेला. त्यांनी निवडलेल्या आमदारांनी निवडलेली ती सभा. खुद्द बाबासाहेबांना तेव्हा मुंबई प्रांतातून जाता आलं नाही. जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालमधल्या दलित आमदारांनी त्यांना तिथून पाठवलं. फाळणीत ती जागा गेली. १९४७ च्या जुलैत जयकरांच्या रिकाम्या जागेवर मुंबईतून आले, तेव्हा कुठे मसुदा समिती. हा सगळा खेळ इतक्या बारीक धाग्यावर होता, आणि तुम्ही त्याला लोकसहभाग म्हणता.

हे मी आज म्हणतोय असंही नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये दामोदर स्वरूप सेठ यांनी सभागृहात उभं राहून मागणी केली की प्रौढ मताधिकारानं नवी सभा निवडा आणि मग घटना करा. हसरत मोहानीही म्हणाले, थांबा. दोघांनाही बसवलं. मसुदा इंग्रजीत आणि १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८.३३ टक्के. आठ महिने काय, आठ वर्षं दिली असती तरी आमच्या पणजोबांनी काय वाचलं असतं?

बीडचा बाण
आठ महिने, आठ महिने काय लावलंय? फेब्रुवारी ते ऑक्टोबर १९४८. या काळात मराठवाड्यात रझाकार होते राव. तुम्ही पुण्यात बसून मसुद्यावर अभिप्राय लिहीत होता, तेव्हा आमची माणसं हद्दीपलीकडच्या छावण्यांत. पोलीस ॲक्शन सप्टेंबरमध्ये. हैदराबाद संस्थानाच्या वाटणीच्या जागा घटना समितीत शेवटपर्यंत रिकाम्या होत्या. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद, कुणाचाही एक माणूस तिथं नव्हता. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाच्या फर्मानानं ती घटना आम्हाला लागू. निजामाच्या!! याला म्हणतात लोकसहभाग.

जुना खडू
@बीडचा बाण, मुद्दा बिनतोड आहे, नाही कशाला म्हणू. पण रझाकारांचं बिल घटना समितीच्या नावावर फाडू नका.

वऱ्हाडी ठेचा
निवेदनं घेतली, निवेदनं घेतली म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांनी एकदा दार आयोगाचं पाहा. १९४८ मध्ये घटना समितीच्या अध्यक्षांनीच नेमलेला. भाषावार प्रांत करावेत का, हे लोकांना विचारायला. ढिगानं निवेदनं आली, बाबासाहेबांनीही महाराष्ट्र प्रांतावर दिलं. डिसेंबरात आयोगाचा निकाल: भाषेवर प्रांत नकोत. ऐकून घेतलं आणि घरी पाठवलं.

पण तुम्ही मोर्चे काढले, माणसं गेली, आणि १९६० ला मिळवलं. आमचं काय? १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. लेखी! बापूजी अण्यांसारख्या माणसानं ती बाजू मांडली होती. उचलली आणि ठेवली बाजूला. हातात काय, तर १९५३ चा नागपूर करार आणि वर्षातून एक अधिवेशन. तेही थंडीत, हुरडा खायला.

कऱ्हाडचा पैलवान
आला विदर्भ! धागा घटनेचा, याला हुरडा आठवला. वसंतराव नाईक अकरा वर्षं मुख्यमंत्री होते, ते कुठले हो? तेव्हा अनुशेष कुणी भरायचा होता?

वऱ्हाडी ठेचा
मुख्यमंत्री पुसदचा आणि तिजोरीची किल्ली कारखानदारांकडे. पैलवान, तुमच्या कालव्यात पाणी कोणत्या वर्षी आलं आणि आमच्या गोसीखुर्द धरणाचा नारळ फुटून किती वर्षं झाली, ते एकदा शेजारी शेजारी मांडून बघा. मग बोलू.

कऱ्हाडचा पैलवान
कोयनेत आमची गावं बुडाली, वीज मुंबईला गेली. रडगाणं आम्हालाही गाता येतं. गात नाही, एवढंच.

वऱ्हाडी ठेचा
आत्ता गायलात की.

म्हापशेकार
तुमचं भांडण संपत नसेल तर आमचं गोव्याचं ऐका, आम्हाला खरंच विचारलं होतं. १६ जानेवारी १९६७, जनमत कौल. महाराष्ट्रात विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. भाऊसाहेब बांदोडकर विलीनीकरणवाले, कौलाआधी त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. आमच्या घरात आजोबा फूल आणि आजी दोन पानं. आठवडाभर आजीनं आजोबांना ताट वाढलं, पण शब्द नाही. निकाल १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. आजोबा चडफडले, पण मानलं. आणि त्यानंतरच्या निवडणुकीत लोकांनी बांदोडकरांनाच परत बसवलं! लोकांना विचारलं की ते वेगवेगळ्या प्रश्नांना वेगवेगळी उत्तरं देतात. त्यांना अक्कल नाही असं धरून चालणारे दिल्लीत तेव्हाही होते, इथंही आहेत.

वऱ्हाडी ठेचा
हेच म्हणतोय. गोव्याला फूल-पान दिलं, आम्हाला का नाही? घ्या विदर्भात कौल.

कऱ्हाडचा पैलवान
घ्या. हरलात तर गप्प बसणार का, ते आधी लिहून द्या.

परत आलेला पाहुणा
विदर्भ महाराष्ट्रात ठेवा नाहीतर चिलीत पाठवा, पण मला दोन शब्द बोलू द्या. कंपनीच्या कामानं मी तेव्हा सांतियागोत होतो. मेट्रोचं भाडं ३० पेसोंनी वाढलं, तिथून २०१९ चा भडका. २०२० च्या कौलात ७८ टक्के म्हणाले, हुकूमशहा पिनोशेच्या वेळची घटना नको, नवी करा. १५५ जणांची सभा. स्त्री-पुरुष बरोबरीनं, मूलनिवासींना १७ जागा, पहिली अध्यक्ष एलिसा लोंकोन ही मापुचे या मूलनिवासी जमातीची बाई. फुटपाथवर मोजे आणि चार्जर विकणाऱ्यांच्या चादरीवर मसुद्याच्या प्रती विकायला असायच्या. ३८८ कलमं. मेट्रोत दांडीला लटकून पोरं ती वाचायची. असा देश मी पाहिला नव्हता.

आमच्या घरमालकीणबाई २०२० मध्ये ‘हो’ करून आल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘नको’ करून आल्या. का, विचारलं. म्हणाल्या, हे घर माझ्याच नावावर राहील की नाही ते मला कुणी सरळ सांगत नाही. मसुद्यात तसं घर काढून घेणारं काही नव्हतं, पण व्हॉट्सॲपवर होतं. ६२ टक्क्यांनी मसुदा आपटला. मग उजव्यांनी दुसरा केला, डिसेंबर २०२३ मध्ये तोही आपटला.

गोम इथं आहे: सभा निवडताना मतदान ऐच्छिक होतं, साधारण ४३ टक्के आले. मसुद्यावर मतदान सक्तीचं, ८५ टक्क्यांच्या वर आले. लिहिणारे निवडले निम्म्याहून कमी लोकांनी, निकाल दिला सगळ्यांनी. ॲपवर सूचना पाठवणारेही पहिल्या जातीचे. आपण इथं टंकणारे सगळे त्यातलेच.

जुना खडू
@पाहुणा, वा! ॲपवाल्यांनी हे छापून भिंतीला लावावं.

उलटतपासणी
घाई करू नका खडूसाहेब. चिलीच्या त्या बाईंना निदान ‘नको’ म्हणता आलं. १९४९ मध्ये तुमच्या-माझ्या घरातल्या कुणाला विचारलं, हो की नको? सार्वमत झालंच नाही. सभेनं लिहिली, सभेनंच मंजूर केली.

जुना खडू
१९५१-५२ ची निवडणूक काय होती मग? १७ कोटींच्या वर मतदार. घटना मान्य नसणाऱ्यांना तिथं वाटा मोकळ्या होत्या.

उलटतपासणी
भाकरी, निर्वासित, जमीन यांवर झालेली निवडणूक. तिला घटनेवरचा कौल म्हणणं ही निव्वळ वकिली. तीनशे वकिलांत तुम्ही तीनशे एकावे.

आत्याबाई
भांडा खुशाल, पण मतदार यादी कुणी केली ते विसरू नका. माझे सासरे नगर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक. घटना मंजूर व्हायच्या आधीच प्रौढ मताधिकार धरून याद्या करायचं काम सुरू झालं होतं. हे वही घेऊन वाड्यावस्त्यांवर. दारात बाई उभी. नाव काय? ‘बाळूची आई.’ अहो, तुमचं नाव? ‘धाकट्या पाटलाची मंडळी.’ सासरे ओट्यावर बसकण मारायचे, पाणी मागायचे, माहेर कुठलं विचारायचे, माहेरी काय हाक मारत होते ते विचारायचे. मग हळूच यायचं: ठकू. लिहिलं, ठकूबाई. नवरा आतून ओरडायचा, तिचं नाव कशाला पाहिजे सरकारला?

उत्तरेत इतकी चिकाटी सगळ्यांनी धरली नाही. देशभरात जवळपास २८ लाख बायकांची नावं नीट न मिळाल्यानं गाळावी लागली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेनांनी ती तशी घ्यायला नकार दिला, पुढच्या खेपेला बायका स्वतःची नावं घेऊन आल्या. मसुदा कुणी वाचला नाही म्हणता, बरोबर आहे. पण ठकूबाई यादीत आल्या, ते कुणा ॲपनं केलं नाही.

उलटतपासणी
आत्याबाई, तुमच्या सासऱ्यांना नमस्कार. यादीपुरतं माघार घेतो. मसुद्यापुरतं नाही.

डीपी-पीडित
सूचना मागवण्यावर तुम्ही सगळे इतके हळवे का? आमच्या शहराचा विकास आराखडा आला, हरकती-सूचना मागवल्या. माझ्या घरातून रस्ता. सर्व्हे नंबर, नकाशा, सातबारा जोडून हरकत दिली. सुनावणीला बोलावलं. समितीतले एक साहेब शेंगदाणे सोलत होते. नाव पुकारलं, मी तोंड उघडलं, ‘लेखी दिलंय ना? मग झालं’, पुढचा. अंतिम आराखड्यात रस्ता तसाच, फक्त शेजारच्या बिल्डरच्या बाजूनं वळलेला. कारण एका ओळीत: ‘विचार करण्यात आला.’

देशाची घटना करा नाहीतर गल्लीचा आराखडा. माझी हरकत का फेटाळली हे मला सही-शिक्क्यानिशी लिहून मिळणार असेल तर मी सहभागी. नाहीतर तुमचं ॲप तुमच्याजवळ.

वऱ्हाडी ठेचा
फाजल अलींना विचारा, शिफारस करूनही लिहून मिळत नाही.

जुना खडू
डीपीवाल्यांचा मुद्दा मान्य, आणि उलटतपासणींचाही थोडा, म्हणजे चमचाभर. सार्वमत घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण १९४९ मध्ये मराठी बाईला स्वतःच्या घरात नाव सांगता येत नव्हतं. त्या वर्षी ३९५ कलमांवर ‘हो की नको’ विचारून नक्की काय हाती लागलं असतं, तेवढं कुणीतरी सांगा. विदर्भ सोडून.