स्वादुपिंडाचा कर्करोग: एमएचसी-१ पृष्ठभागावर परत आणलं की काम होईल?

मूळ मत:
या कर्करोगात इम्युनोथेरपी (शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगावर सोडणारे उपचार) सहसा का चालत नाही, असं विचारलं की ‘टी-पेशी गाठीत शिरत नाहीत’ हे ठरलेलं उत्तर येतं. मला ते अर्धवट वाटतं. एमएचसी-१ हा रेणू पेशीतल्या प्रथिनांचे साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे तुकडे बाहेर मांडतो. तेच दिसले नाहीत, तर मारक टी-पेशी शेजारी येऊनही ओळखणार काय? २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या कामानुसार या पेशी एमएचसी-१ बनवतात, पण एनबीआर१ हे प्रथिन त्याला धरून ऑटोफॅजीच्या, म्हणजे पेशी स्वतःचेच भाग पचवते त्या वाटेने लायसोसोम या पेशीतल्या पचनपिशवीत पोचवतं आणि तिथे तो मोडतो. जनुक शाबूत आहे, म्हणजे हे उलटवता येतं. उंदरांमध्ये लायसोसोमचं काम बंद पाडणाऱ्या क्लोरोक्विनसोबत पीडी-१ आणि सीटीएलए-४ हे टी-पेशींवरचे ब्रेक रोखल्यावर गाठींची वाढ घटली.

प्रतिसाद १:
उंदरांपुरतं ठीक. माणसांवरची चाचणी २०१९ मध्येच प्रसिद्ध झाली आहे: ११२ रुग्ण, सगळ्यांना जेमसायटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल ही केमोथेरपी, त्यातल्या एका गटाला क्लोरोक्विनच्याच जातीचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. गाठ आकसण्याचं प्रमाण २१ वरून ३८ टक्क्यांवर गेलं, पण एका वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण वाढलं नाही.

मूळ मत मांडणारा:
त्या चाचणीत पीडी-१ किंवा सीटीएलए-४ रोखणारं औषध नव्हतंच. त्यामुळे माझा दावा तिथे तपासलाच गेला नाही. हे मात्र मान्य, की लायसोसोम सरसकट बंद करणं ओबडधोबड आहे; टी-पेशींनाही ऑटोफॅजी लागते. रोखायचं तर एनबीआर१चं काम.

प्रतिसाद २:
वाद घालण्याआधी मोजलं कसं ते सांगा. अख्ख्या गाठीचा आरएनए घेतला, तर भोवतालच्या तंतुपेशींचा आणि रक्तपेशींचा एमएचसी-१ त्यात मिसळतो, आणि आरएनएवरून पृष्ठभाग कळतही नाही. फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशी मोजण्याच्या पद्धतीत) मृत पेशी आणि सीडी४५ ही रक्तपेशींची खूण असलेल्या वगळा, एपकॅम ही गाठीच्या पेशींची खूण असलेल्या घ्या. जिवंत पेशींवर बर्फात डब्ल्यू६/३२ हे एमएचसी-१ला चिकटणारं प्रतिपिंड लावा. दुसरा नमुना स्थिर करून पटल सच्छिद्र केल्यावर रंगवा. एकूण भरपूर आणि बाहेर कमी, तरच ‘आत अडकलाय’ म्हणता येईल. मग ४८ तास एमएचसी-१ वाढवणारं इंटरफेरॉन-गॅमा द्या. तरीही चढला नाही, तर एमएचसी-१चा जोडीदार बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आणि इंटरफेरॉनचा संदेश आत नेणारी जॅक१, जॅक२ तपासा. तिथे बिघाड असेल तर ऑटोफॅजी रोखून हाती काही लागणार नाही.

प्रतिसाद ३:
एमएचसी-१ पूर्ण गेला, तर एनके पेशींवरचा (एमएचसी-१ नसलेल्या पेशी मारणाऱ्या प्रतिकारपेशींवरचा) एक लगाम सुटतो. म्हणून मला ‘थोडासा शिल्लक’ ही स्थिती जास्त घातक वाटते: एनकेला थोपवायला पुरेसा, टी-पेशीला अपुरा. तरीही मूळ मताशी असहमत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात एका रुग्णाला केरास या प्रथिनातला जी१२डी हा कर्करोगी बदल ओळखणाऱ्या १६.२ अब्ज टी-पेशी एकदाच दिल्या आणि सहा महिन्यांनी गाठी ७२ टक्के आकसलेल्या होत्या. त्या प्रथिनाचा तुकडा एचएलए-सी०८:०२वर, म्हणजे माणसातल्या एका प्रकारच्या एमएचसी-१वरच, दिसत होता. तो परत आणायला वेगळं औषध लागलं नाही. कमी होत्या त्या योग्य टी-पेशी.

मूळ मत मांडणारा:
त्या गाठी फुप्फुसात पसरलेल्या होत्या. स्वादुपिंडातल्या मूळ गाठीत, दाट तंतूंच्या आत, तोच तुकडा तितकाच दिसतो असं त्यावरून ठरत नाही. दोन्ही ठिकाणचे नमुने एकाच रुग्णाचे घेऊन वर सांगितल्याप्रमाणे मोजले, तर आपल्यातलं कोण चुकतंय ते कळेल.