शब्दचर्चा: चित्रातला 'मासळीबाजार'

चित्रवाचक: कलेच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत चित्रपरिचय लिहितेय. थोरला यान ब्रूगेल या फ्लेमिश (आजच्या बेल्जियममधल्या) चित्रकाराच्या १६०३ च्या चित्रापाशी अडलेय. म्युनिकच्या आल्टे पिनाकोटेक या कलासंग्रहालयात आहे ते. पुढे तपकिरी किनाऱ्यावर माणसांची दाटी, जमिनीवरच मांडलेली मासळी, मागे गलबतं आणि लांबवर निळं होत गेलेलं पाणी. नावाचं सरळ भाषांतर 'मोठा मासळीबाजार'. ते ऐकताच भाचीनं विचारलं, "भांडणाचं चित्र आहे का?" वर्गात "काय मासळीबाजार मांडलाय!" एवढंच तिच्या कानावर. चित्रात एवढी गर्दी असूनही नजर त्या निळ्यावर जाऊन शांत होते. दुसरा शब्द आहे?

हर्णैकर: 'लिलाव' म्हणा. आमच्याकडे होड्या लागल्या की वाळूतच ढीग पडतात, भोवती कडं करून बोली सुरू. ना छप्पर, ना ओटे.

शब्दनिष्ठ: 'लिलाव' पोर्तुगीज, 'बाजार' फारसी. 'मत्स्यहाट' का नको?

हर्णैकर: किनाऱ्यावर हाट कुणी म्हणत नाही. माझ्या निरक्षर आजीला लिलाव कळायचा. 'मत्स्य' तिला फक्त अवतारात माहीत.

चित्रवाचक: पण इथे लिलावच चाललाय असं म्हणता येत नाही. पुढ्यातलं कुटुंब ब्रूगेलचं स्वतःचं मानतात. आणि विकणारीला मी 'कोळीण' लिहिलंय, चालेल?

वरळीची: नको. मी कोळी आहे. ती आमच्या समाजाची ओळख आहे, नुसत्या धंद्याचं नाव नाही. फ्लेमिश बाईला मासेवाली म्हणा.

मालवणी: बरोबर. आमच्याकडे तर मासे विकणारी गाबीत समाजाची असते. गोव्यात नुस्तेकान्न.

शब्दनिष्ठ: 'वाली' हिंदी वळणाचं आहे. 'मासेविकी' लिहा.

वरळीची: 'भाजीवाली' म्हणतच वाढलो आपण. ते हिंदी कसं?

नकाशावेडा: ब्रूगेलचा फ्लँडर्स प्रदेश सपाट, मग चित्रात मागे डोंगर कुठून? तो इटलीत राहून १५९६ मध्ये अँटवर्पला परतला होता. ते पाणी नेपल्सकडचं वाटतं. तेव्हा 'खाडी' लिहू नका, 'उपसागर' लिहा.

मालवणी: मला ती जमिनीवरची मासळी वाट्यांसारखी दिसते. आई वाटा घेताना "वर एक टाक गो" म्हणायची, आणि ती बाई एक बांगडा वर ठेवायचीच. त्या वरच्या बांगड्याला तुमच्याकडे काही शब्द आहे का?