मदत हवी आहे : ऑगस्ट १९६८चे मराठी अग्रलेख कुठे वाचता येतील?

युक्रेनवरील हल्ल्याचा निषेध करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या २ मार्च २०२२च्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. १९६८मध्ये चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत फौजा घुसल्या तेव्हा सुरक्षा परिषदेत आणि १९८०मध्ये अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत फौजांच्या प्रश्नावर आमसभेतही आपण तटस्थच होतो. यावर दहावीच्या मुलांसमोर बोलायचे आहे. तेव्हाच्या मराठी माणसाला हे पटले होते का, हे मुलांना कळायलाच हवे असे मला मनापासून वाटते.

मतदानाचे तपशील संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात मिळाले. इंग्रजी लेखही आहेत. 'मराठा', 'केसरी', 'लोकसत्ता' यांचे त्या वेळचे अंक मात्र नेटवर सापडले नाहीत, आणि सोलापुरातल्या आमच्या वाचनालयात इतके जुने अंक नाहीत.

पुण्याला किंवा मुंबईला एकच दिवस येता येईल. २१ ऑगस्ट १९६८नंतरच्या आठवड्याचे अंक नक्की कुठल्या ग्रंथालयात आहेत, आणि सभासद नसलेल्याला ते पाहून मोबाइलवर फोटो काढता येतात का?