मेडिक्लेम: खोलीभाडं मर्यादेबाहेर गेलं म्हणून अख्ख्या बिलाला कात्री?

जमाखर्च
वडिलांच्या गुडघ्याच्या सांधेबदलाचं बिल. पॉलिसी ५ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे रोजचे ५,०००. खोली घेतली ८,००० ची, चार दिवस.

खोली ३२,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, व्हिजिट, नर्सिंग मिळून १,२०,०००. इम्प्लांट ७५,०००, औषधं ३८,०००, तपासण्या १५,०००, 'ऑर्थो किट' १०,०००. एकूण २,९०,०००.

कंपनीने किट वगळून उरलेल्या २,८०,००० चे ६२.५ टक्के म्हणजे १,७५,००० दिले. खोलीचा फरक फक्त १२,००० चा, मग १,१५,००० खिशातून कसे गेले?

चौकटराजा
याला प्रपोर्शनेट डिडक्शन, म्हणजे प्रमाणात कपात, म्हणतात. ५,००० भागिले ८,००० म्हणजे ६२.५ टक्के, हे गुणोत्तर बरोबर आहे. ते कशाकशाला लावलं, तिथे चूक आहे.

विमा नियामक आयआरडीएआयने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. ही कपात फक्त 'असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस'वर, म्हणजे खोलीशी जोडलेल्या उपचारखर्चावर करता येते आणि त्यात औषधं व कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट व उपकरणं, तपासण्या धरायच्या नाहीत. आयसीयूच्या खर्चालाही ती लावता येत नाही. तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत या शब्दांची व्याख्या असेल. ते पान काढून समोर ठेवा.

आता हिशोब पुन्हा मांडा. खोलीचे २०,०००. सर्जन-थिएटर वगैरेंच्या १,२०,००० चे ६२.५ टक्के, ७५,०००. इम्प्लांट ७५,०००, औषधं ३८,०००, तपासण्या १५,००० पूर्ण. बेरीज २,२३,०००. म्हणजे ४८,००० कमी मिळालेत आणि ते मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

निर्मळवाट
हिशोब पटला. पण सर्जन-थिएटरच्या त्या ७५,००० वरही थांबू नका. रुग्णालय खोलीच्या दर्जाप्रमाणे दर बदलत नसेल, तर या खर्चावरही कपात करता येत नाही. एखाद्याच बाबीचा दर सगळ्या खोल्यांना सारखा असेल, तर तेवढ्या बाबीवर नाही. बिलिंग विभागाकडून त्या शस्त्रक्रियेचं दरपत्रक मागा: जनरल, ट्विन शेअरिंग, सिंगल, डीलक्स असे चार रकाने असतात. चारही रकान्यांत थिएटरचा आकडा एकच दिसला तर ते दरपत्रक रुग्णालयाच्या शिक्क्यासह तक्रारीला जोडा. तोंडी सांगितलेलं कंपनी धरत नाही.

चौकटराजा
बरोबर. मात्र मोठ्या शहरांतल्या बहुतेक कॉर्पोरेट रुग्णालयांत रकान्यांगणिक आकडे वाढतात, त्यामुळे फार आशेवर राहू नका.

उंबरठा
माझा आक्षेप मुळावरच आहे. सर्जन तोच, टेबल तेच, भूल तेवढीच. पेशंट वरच्या मजल्यावर झोपला म्हणून चिरफाडीची फी का वाढावी? हा दर रुग्णालय ठरवतं, कपात कंपनी करते आणि मधल्या मध्ये भरडला जातो पॉलिसीधारक, ज्याला ॲडमिशनच्या वेळी यातलं कोणी काही सांगत नाही.

चौकटराजा
रुग्णालयाबद्दलचा राग रास्त आहे. पण मर्यादा काढली की प्रीमियम वाढतो, आणि जनरल वॉर्डात राहणाऱ्यानेही तो का भरावा, हाही प्रश्न खराच आहे. मला चीड येते ती माहिती दडवण्याची. टीपीए (कंपनीसाठी क्लेमचे कागद हाताळणारी संस्था) डेस्कवर कॅशलेसचा फॉर्म भरतानाच 'मर्यादा ५,०००, खोली ८,०००, अंदाजे कपात इतकी' हे लिहून देणं अवघड नाही. ते होत नाही तोवर आपणच विचारायचं: "या खोलीत आणि ५,००० च्या खोलीत शस्त्रक्रियेच्या पूर्ण अंदाजपत्रकात फरक किती?" फक्त भाड्याचा फरक विचारू नका. मर्यादेतली खोली रिकामी नसेल तर तसं लेखी घ्या. त्याने कपात टळेलच असं नाही, पण वादात कागद हाताशी राहतो.

निर्मळवाट
किटचं सांगते. बिलात नुसतं 'ऑर्थो किट' असेल तर ते पैसे न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत थेट जातं, कारण 'तपशील नसलेलं किट' अशी नोंदच त्या यादीत आहे. रुग्णालयाकडून फोड मागा. कापूस, बँडेज, सर्जिकल टेप, ड्रिल हे शस्त्रक्रियेच्या खर्चातच धरायचे असतात, वेगळे लावायचेच नसतात. मास्क, तपासणीचे हातमोजे यांचे पैसे मात्र मिळत नाहीत. आणि इम्प्लांटचे बारकोड असलेले स्टिकर डिस्चार्जच्या फाइलला चिकटवलेले आहेत का ते बघा. स्टिकर आणि इन्व्हॉइस नसेल तर इम्प्लांटच्या रकमेवर शंका काढली जाते.

जमाखर्च
दोघांचेही आभार. स्टिकर आहेत. आता लिहायचं कोणाला, एजंटला की टीपीएला?

चौकटराजा
दोघांनाही नाही. निर्णय विमा कंपनीचा असतो, टीपीए फक्त कागद हाताळतो. आधी कंपनीकडून कपातीचा बाबवार तक्ता मागवा, प्रत्येक कपातीसमोर पॉलिसीचं कलम हवं. मग तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करा, पत्ता पॉलिसीतच असतो. मजकूर लांबवू नका: कंपनीचा हिशोब, तुमचा हिशोब, व्याख्येचं पान, ४८,००० ची मागणी. हीच तक्रार आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर टाका, म्हणजे टोकन क्रमांक मिळतो.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारे अधिकारी. फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतही नाही. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. त्याच वादावर ग्राहक आयोगात केस चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत, तेव्हा दोन्हीकडे एकदम जाऊ नका.

उंबरठा
आणि नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी बघायला घ्या, पोर्ट करून, म्हणजे जुनी पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे हलवून. जुन्या आजारांचा खर्च मिळायला जितका प्रतीक्षाकाळ काढून झालाय, तितका आधीच्या विमा रकमेपुरता पुढे मोजला जातो. प्रस्तावाच्या फॉर्ममध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया, बीपी, साखर, सगळं तारखांसह लिहा. ती ओळ एजंटला भरू देऊ नका, स्वतःच्या हाताने भरा.