एकरी क्विंटल की मजुरी?

भाताची पारंपरिक लावणी, चारसूत्री (ठरावीक अंतरावर लावणी करून खताची गोळी खोचण्याची पद्धत) आणि एसआरटी (सगुणा राइस टेक्निक, म्हणजे गादीवाफ्यावर थेट बी टोकण्याची पद्धत) यांची तुलना नुसत्या एकरी उत्पन्नावर करू नये, असं मला वाटतं. कोकणातल्या छोट्या खाचरांचा हिशेब मजुरीवर अडतो. राब भाजणं (रोपवाटिकेची जमीन भाजणं) उन्हाळ्यातच उरकतं, पण चिखलणी, तरवा (रोपं) उपटणं, लावणी ही सगळी कामं पावसाच्या मोजक्या दिवसांत येतात. गावात सगळ्यांनाच तेव्हा माणसं हवी असतात, म्हणून मजुरी चढते. लावणी लांबली की रोप जून होतं, फुटवे कमी येतात. हे नुकसान खर्चाच्या वहीत कुणी लिहीतच नाही.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या एसआरटीत चिखलणी आणि लावणी दोन्ही वाचतात. गादीवाफे एकदा केले की पुढच्या हंगामांतही चालतात, त्यामुळे वाफ्यांचा खर्च एकाच वर्षाच्या नावावर टाकू नका. मात्र तणनाशकाचा खर्च धराच, तण हाताबाहेर गेलं तर वाचलेली मजुरी बेणणीत (तण काढण्यात) जाते. पाणी तुंबणाऱ्या खोलगट खाचरात टोकलेलं बी कुजण्याचाही धोका असतो.

तिथे मी चारसूत्रीकडे वळेन. चार चुडांच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या) चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी खोचायची. खत मातीत खोल राहतं, पाण्याबरोबर वाहून जात नाही. दोरी धरून लावायला मजूर आधी कुरकुरतात, वेळही जास्त लागतो. पण लावणीला घरचीच माणसं असतील तर ही पद्धत नक्की परवडते.

आणि पेंढा विसरू नका! दावणीला गुरं असतील तर उंच वाढणाऱ्या जुन्या वाणाचा पेंढाही जमेच्या बाजूला मांडा.